वाणात आलेला सिनेमा

पुण्या-मुंबईकडे सिनेमाचा धंदा कोटींत मोजतात. केज तालुक्यात ‘एक घाव बारा तुकडे’ या चित्रपटाचा धंदा ट्रॉल्यांत मोजला गेला, आणि त्या हिशेबाने तो तुफान चालला. पहिल्या दिवशी शांतादेवी चित्रमंदिरासमोर ट्रॅक्टरांची रांग पार बसस्थानकाला जाऊन टेकली. ट्रॉल्यांत ऊस नव्हता, माणसं होती. आणि साखर कारखान्यावर ऊस थांबतो तशीच आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत ती मुकाट बसली होती.

चित्रपट तालुक्याचे पुढारी सुंदरराव यांचा. म्हणजे निर्माती म्हणून नाव पत्नीचं, नायक म्हणून चिरंजीव अमरसिंह, आणि प्रेक्षक म्हणून सुंदररावांची गावं. टॉकीजचे मालक ईश्वरप्पा यांनी कित्येक वर्षं त्या हॉलात सोयाबीनची पोती रचली होती. ती हलवून त्यांनी खुर्च्या पुसल्या आणि ‘हाउसफुल्ल’ची पाटी रंगवायला माणूस बोलावला. रोज काढायची-लावायची कटकट नको म्हणून पाटी भिंतीवरच रंगवून घेतली. व्यापारी माणूस, त्याला पुढचं दिसतं.

एवढ्या यशात एकच माणूस काळजीने वाळत चालला होता. तो सिनेमातला खलनायक. नाव बिभीषण, मुक्काम नेकनूर, धंदा सुंदररावांच्या गाडीवर ड्रायव्हर.

खलनायकाच्या कामाला खरं तर पुण्याहून एक नट आणला होता. धारूरच्या घाटातलं ऊन चार दिवस खाल्ल्यावर त्याची आई आजारी पडली. तिला बघायला म्हणून तो गेला तो गेलाच. दिग्दर्शकाने इकडे-तिकडे बघितलं, तर गाडीला टेकून उभी असलेली एक भरघोस मिशी त्याला दिसली. सुंदररावांनीही मान डोलावली. आपलाच माणूस हाय, म्हणाले, मार खाल्ल्यावर रुसायचा तरी न्हाई.

दिग्दर्शकाने बिभीषणाला बाजूला घेऊन समजावलं, की तू मोठा पुढारी आहेस, सगळा मुलूख तुला टरकून असतो. असा माणूस कसा वागतो ते डोळ्यांसमोर आण आणि तसं कर. बिभीषणाच्या डोळ्यांसमोर असा एकच माणूस होता. बारा वर्षं तो त्याच्या डावीकडच्या सीटवर बसत होता.

सुंदररावांनी कधी आवाज चढवला, असं कुणी सांगणार नाही. ते चष्मा काढायचे, उपरण्याच्या टोकाने सावकाश पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे, समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि मायेने विचारायचे, “घरी समदं ठीक हाय ना?” बस, एवढंच. पंधरवड्याच्या आत त्या माणसाच्या पोराची बदली गडचिरोलीला व्हायची, नाहीतर विहिरीवरची मोटर जळायची, नाहीतर ज्या वाटेने त्याचा आजा शेतात जात होता ती वाट नकाशावर कधी नव्हतीच असं निघायचं. सगळे योगायोग. आमच्याकडे पाऊस कमी पडतो, योगायोग भरपूर.

बिभीषणाने कॅमेऱ्यासमोर तेच केलं. त्यात खोडसाळपणा नव्हता. आपण कुणाची नक्कल करतोय हेसुद्धा त्याला उमगलं नव्हतं. पोराला बापाची चाल येते तसं ते त्याला आलं होतं. दिग्दर्शक असा काही खूश झाला की खलनायकाने चष्मा पुसून तेच वाक्य म्हणायचं आणि पुढच्या प्रसंगात समोरच्या माणसाची जीप विहिरीत सापडायची, हे त्याने सिनेमात पाच वेळा घातलं.

बिभीषणाला ते उमगलं पहिल्या दिवशी, टॉकीजच्या दारात. पडद्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, आणि हॉल चिडीचूप झाला. इतका, की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू आली. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग ट्रॉल्याच्या ट्रॉल्या हसायला लागल्या. अमरसिंहाच्या एंट्रीला शिट्ट्या मारायला जी पोरं नेमली होती, त्यांनी सगळ्या शिट्ट्या इथेच खर्च केल्या. दारात उभ्या बिभीषणाने पडद्याकडे नीट बघितलं. पडद्यावरच्या माणसाला मिशी त्याची होती. बाकी सगळा माणूस सुंदरराव होते.

देवाची कृपा एवढीच की सुंदररावसाहेबांनी सिनेमा बघितलाच नव्हता. ते मध्यंतरात यायचे, शाल-नारळ घ्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि पुढच्या लग्नाला निघून जायचे. अमरसिंहाने मात्र पुष्कळ वेळा बघितला, पण फक्त स्वतःला. खलनायक आला की तो मोबाईल काढायचा. आणि बाकीच्या मुलखाने जे बघितलं ते साहेबांच्या कानावर घालायचं कुणी? सांगणाऱ्याला आधी हे कबूल करावं लागलं असतं, की आपल्याला ते ओळखू आलं.

घरी बिभीषणाने बायकोला, वनमालाला, हळूच सांगितलं. ती म्हणाली, ट्रॉल्या दमल्या की सिनेमा उतरंल, अन् उतरला की लोक इसरत्याल. बाई शहाणी होती. ट्रॉल्या खरंच दमल्या. ऊसतोड ऐन भरात आली, ट्रॅक्टर आपल्या मूळ कामाला लागले, आणि ‘हाउसफुल्ल’च्या भिंतीमागे ईश्वरप्पांनी पुन्हा सोयाबीन रचलं. बिभीषणाला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

ती झोप उडवली राजनंदिनीने. ही अमरसिंहाची बायको, तालुक्याच्या महिला मंडळाची अध्यक्षा. कुठल्याशा ॲपवर सिनेमा टाकला होता, पण ते ॲप कुणाच्याच फोनमध्ये नव्हतं आणि ज्याच्या फोनमध्ये होतं त्याच्याकडे रेंज नव्हती. तेव्हा सिनेमा घराघरांत पोचवायचा तर चुलीपर्यंत पोचवला पाहिजे, असं राजनंदिनीच्या मनात आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी स्टीलची वाटी वाण म्हणून देत. यंदा पेनड्राइव्ह दिला. प्लास्टिकच्या डबीत, वरून साहेबांचा हात जोडलेला फोटो, आत सिनेमा.

बायका वाटेत कुरकुरल्या. वाटीत आमटी तरी वाढता आली असती. पण वाण परत करता येत नाही आणि फेकताही येत नाही. कुणी सिनेमा पुसून त्यात कीर्तनं भरली. ती पुण्यवान माणसं. बाकीचे पेनड्राइव्ह टीव्हीच्या पाठीमागे गेले, सवाऱ्या भरून धावणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गेले, ट्रॅक्टरच्या टेपात गेले, पिठाच्या गिरणीत गेले. जो सिनेमा टॉकीजमध्ये फुकट दाखवूनही कुणी धड बघितला नाही, तो घरोघर दिवसरात्र चालला. कारण उघड होतं. टॉकीजमध्ये नायक सहन करावा लागत होता. घरी रिमोट होता.

मग ते वाक्य सुटलंच. मास्तर पोरांना विचारायला लागले, मुली सासरहून फोनवर विचारायला लागल्या, व्याही जेवणाच्या पंगतीत विचारायला लागले, आणि विचारण्याआधी ज्याच्याकडे चष्मा नव्हता तोही नाकावरून काहीतरी काढून पुसायचा. ज्या पाच शब्दांनी माणसाला आठवडाभर झोप येत नसे, ते पाच शब्द ऐकून आता माणसं पोट धरून हसत होती. नेकनूरच्या टपरीवर बिभीषणाला चहा फुकट मिळायला लागला. त्याने टपरीच सोडली. मग मिशी काढली.

साहेबांनी गाडीत बसता बसता बघितलं. मिशी कावून काढली बे, म्हणाले.

उकडतंय साहेब, असं बिभीषण म्हणाला. माघाचा महिना होता, साहेबांच्या अंगावर शाल होती. साहेबांनी शाल नीट केली.

साहेबांना बदल जाणवत नव्हता असं नाही, पण ते त्याचा अर्थ वेगळा लावत होते. खांद्यावर हात ठेवून विचारपूस केली की भोवतालची माणसं खुदखुदतात, हे त्यांनी तीन-चार गावांत बघितलं. सिनेमामुळे लोक जवळ आले, असं ते अमरसिंहाला समाधानाने म्हणाले. हे ऐकत बिभीषणाने गाडीचा वेग वाढवला.

सिरसाळ्याच्या बाजूला एका वस्तीवर साखराबाई नावाची म्हातारी होती. तिच्या तुकड्यातून साहेबांना रस्ता हवा होता आणि ती देत नव्हती. साहेब स्वतः गेले. पारावर खुर्ची टाकली, वस्ती गोळा झाली. साहेबांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली, हरभऱ्याची केली, आणि मग थोडं पुढे वाकून मायेने विचारलं, की मावशी, घरी समदं ठीक हाय ना?

साखराबाईने तंबाखू दाढेला लावली आणि म्हणाली, “माझं समदं ठीक हाय, साहेब. पर तुमी आदी चष्मा पुसायचं इसरलात.”

वस्ती हसली. चोरून नाही, तोंडावर हात ठेवून नाही. पोरंठोरं, बाया, साहेबांबरोबर आलेले दोन कार्यकर्तेसुद्धा. बिभीषण गाडीच्या दारापाशी उभा होता, तो तेवढा हसला नाही. साहेबांनी वळून पाहिलं, तेव्हा सगळ्या वस्तीत न हसणारा तो एकटाच त्यांना दिसला. कार्यकर्त्यांना साहेबांनी तिथेच राहायला सांगितलं. ते एकटेच गाडीत येऊन बसले.

गाडी वस्तीबाहेर पडली. मग त्यांनी विचारलं, तो सिनेमा हाय का गाडीत. बिभीषण नाही म्हणाला. साहेबांनी पायाशी हात घातला. वाटून उरलेल्या डब्यांचं अख्खं खोकं तिथे होतं, प्रत्येक डबीवर साहेब हात जोडून हसत होते.

गाडीच्या छोट्या पडद्यावर सिनेमा सुरू झाला. घाट लागेपर्यंत अमरसिंहाने बरीच माणसं हवेत उडवली. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग पडद्यावर चष्मा निघाला. साहेब वळले. चष्मा पुसला गेला, हात खांद्यावर पडला, वाक्य आलं. साहेबांनी बोटाने सिनेमा मागे नेला. पुन्हा बघितलं. पुन्हा मागे नेला. घाटातल्या प्रत्येक वळणावर बिभीषणाच्या कानावर स्वतःचाच आवाज येत होता, आणि तो त्याचा वाटत नव्हता.

शेवटी साहेबांनी पडदा बंद केला.

“म्हण बघू,” ते म्हणाले.

“काय साहेब?”

“तेच. म्हण.”

बिभीषणाने आयुष्यातला सगळ्यात चांगला अभिनय त्या घाटात केला. त्याने ते वाक्य वाईट म्हटलं. घाईघाईत, शाळेतल्या पोराने पाठ केलेली कविता ओकावी तसं.

“न्हाई जमलं बे,” साहेब म्हणाले. “घाई करतोस. बघ, मी म्हणतो.”

त्यांनी चष्मा काढला. उपरण्याच्या टोकाने पुसला, उजेडाकडे धरून बघितला, पुन्हा घातला. मग उजवा हात बिभीषणाच्या डाव्या खांद्यावर ठेवला. हात ऊबदार होता. बारा वर्षांत तो या खांद्यावर कधी पडला नव्हता.

“बिभीषण,” साहेब म्हणाले, “घरी समदं ठीक हाय ना?”

“हाय साहेब. आपल्या आशीर्वादानं.”

“बघ. यात हसण्यासारखं काय हाय?”

“काय न्हाई साहेब.”

“मग लोक कावून हसत्यात?”

बिभीषणाने गियर बदलला, वळण घेतलं. हात मात्र घाट संपेपर्यंत खांद्यावर राहिला.

केजला बंगल्यासमोर गाडी थांबली. साहेबांना सोडून रोज बिभीषण गाडी घेऊन नेकनूरला जायचा आणि सकाळी परत आणायचा; चावी त्याच्याच खिशात असायची. आज साहेब उतरले आणि बोनेटला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आले. त्यांनी हात पुढे केला तसा बिभीषणाने नकळत खांदा आखडला. पण हात उताणा होता. त्यावर त्याने चावी ठेवली.

जीपनं जा, साहेब म्हणाले. लई वर्सं चालवलीस, दमला असशील.

चौकात नाथाची वडापची जीप भरत होती. नाथाने त्याला बिनमिशीचाही ओळखला, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे कोंबलं आणि या साहेब, बसा, म्हणाला. जीप सुटली. मागून कुणीतरी पोक्त आवाजात विचारलं, घरी समदं ठीक हाय ना, आणि मागचा सगळा भाग एकमेकांच्या अंगावर पडत हसला. एका बाईने आग्रह केला, तुमीच म्हना की एकडाव. बिभीषणाने गळ्याकडे बोट दाखवलं, बसलाय म्हणाला.

मग त्याने फोन काढला आणि वनमालाचा नंबर लावला. वाजत राहिला. रस्त्याकडेला ऊस तोडून झालेलं रान संध्याकाळच्या उजेडात लांबवर मोकळं दिसत होतं. दुसऱ्यांदा लावला. तिने उचलला.

“घरी समदं ठीक हाय ना?” त्याने विचारलं.

जीपमध्ये हास्याचा स्फोट झाला. नाथाने हॉर्न वाजवून दाद दिली. तिकडे वनमालाही हसत सुटली. थांबा थांबा, म्हणाली, शेजारच्या समद्या बाया हितंच बसल्यात, स्पीकरवर टाकते. आता म्हना.

बिभीषणाने पुन्हा विचारलं. हळू, एकेक शब्द सुटा करून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून. इकडची जीप हसली, तिकडचं अंगण हसलं, आणि मागच्या फळीवरच्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, की सिनेमातल्यापेक्षा हे चांगलं जमलं.

उत्तर मात्र कुणीच दिलं नाही.