अर्धा फेरा

"हे टपकत का होतं, ते आधी सांगा," बाईंनी हातातल्या कागदावरून वाचलं.

मी न्हाणीघरात गिझरखाली स्टुलावर उभा होतो आणि त्या उंबऱ्यात. त्यांनी पाच प्रश्न लिहून ठेवले होते. टपकतं का, घरघरतं का, पाणी इतकं कढत का येतं, अजून किती वर्षं टिकेल आणि नवीनच घ्यावा का. तीस वर्षं मी नळ आणि गिझर दुरुस्त करतोय, आणि तीस वर्षं लोक मला हेच पाच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरं देताना माझा आवाज चढतो, म्हणून गिऱ्हाइकं पाठीमागे मला 'कढत्या' म्हणतात. म्हणेनात का.

"टपकणारच, बाई. आत पाणी तापलं की फुगतं. ते बाहेर पडायला या सेफ्टी व्हॉल्व्हला ही तोटी ठेवलेली असते. चार थेंब गळले म्हणजे तो काम करतोय."

"पण आता तर टपकत नाही."

मी टॉर्च मारला. तोटीच्या तोंडावर पितळी बूच बसवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. थर्मोस्टॅट अडकलेला, म्हणजे पाणी तापायचं थांबत नव्हतं, आणि वाफेला बाहेर पडायची एकच वाट होती ती कुणीतरी बुजवून ठेवली होती. मी मेन स्विच पाडला, सगळे गरम नळ सोडले आणि टाकी निवायची वाट बघत तोंड सोडलं.

"कुठल्या गाढवानं केलं हे? फुटली असती ना टाकी! ही भिंत, ते छत, सगळं गेलं असतं. इथे आंघोळ कोण करतं?"

"सगळेच. नातीला पण इथेच..." बाईंचा चेहरा उतरला. "मीच म्हणाले होते, टपकणं बंद करा म्हणून. नवीन फरशीवर डाग पडायला लागले होते."

"फरशीवर डाग!" मी ओरडलो. आणखीही बरंच बोललो. ते इथे सांगण्यासारखं नाही.

टाकी निवल्यावर बूच काढायला पाना उचलला, पण त्याची गरजच पडली नाही. ते नुसत्या बोटांनी फिरलं. पुरतं आवळलेलंच नव्हतं, म्हणून आट्यांमधून थोडी थोडी वाफ सुटत राहिली होती आणि तेवढ्यावर हे घर वाचलं होतं. बूच तळहातावर घेऊन पाहिलं. आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप नव्हती. सूत होतं, सफेद्याचा लेप लावून गुंडाळलेलं, वेढे वाकडेतिकडे, पण शेवटचं टोक आत दुमडलेलं. आजकाल सगळे टेप मारतात. सूत गुंडाळून टोक आत दुमडणारा मला एकच माणूस माहीत आहे.

"तुमचे भाऊच आले होते ना," बाई हळूच म्हणाल्या. "तीन आठवडे झाले. आधी म्हणाले व्हॉल्व्ह बदलावा लागेल. तासभर आत होते, नळ जोरात सोडलेला. बाहेर आले तर घामाघूम. म्हणाले, आता तात्पुरतं बंद केलंय, परवा माझा भाऊ येऊन नीट करेल. तुम्ही आलाच नाहीत, म्हणून आज मीच फोन केला."

मी बूच खिशात टाकलं. गिझर लावायचा नाही असं बजावलं आणि बाहेर पडलो. मघाशी गाढव कुणाला म्हणालो ते त्यांना कळलं होतं, आणि मलाही.

दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. हे काम मला त्यानेच शिकवलं. व्हॉल्व्हचं तोंड बुजवायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. मी एकविसाव्या वर्षी आळसापायी एकदा एका तोटीत चिंधी कोंबली होती, तेव्हा त्याने गिऱ्हाइकासमोर माझ्या कानाखाली वाजवली होती. तोच दादा. वाटेत स्कूटरवर मी, तो समोर असल्यासारखा, त्याला मोठमोठ्याने बोलत होतो, माणसं वळून बघत होती.

तो घरीच होता. पुढच्या खोलीत आम्ही सामान ठेवतो, तिथल्या टेबलाशी बसून दोन्ही हातांच्या ओंजळीत कप धरून चहा पीत होता. मी बूच टेबलावर आपटलं.

"हे काय आहे?"

त्याने एकदाच पाहिलं. "माझं आहे."

"तीन आठवडे! तीन आठवडे तू जेवलास, झोपलास, माझ्याबरोबर कामावर आलास आणि एका शब्दाने बोलला नाहीस? तिथे लहान पोर आहे, दादा!"

"सांगणार होतो."

"कधी? छत उडाल्यावर?"

वहिनी आतून आल्या. "भाऊजी, आवाज खाली."

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

"दोन वर्षं मीच मध्ये आहे," त्या म्हणाल्या. "बटणं मी लावते. बुटाची नाडी मी बांधते. आता भातही मीच कालवून देते. धाकट्याला सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती. आज मोडली."

मी दादाच्या हातांकडे पाहिलं. कप खाली ठेवलेला असूनही बोटं थरथरत होती.

"तू त्या दिवशी दुसऱ्या कामावर होतास, मी एकटाच गेलो. व्हॉल्व्ह सुटेना," दादा म्हणाला. "पाना लावला, निसटला. परत लावला. बोटं ऐकेचनात. नळ सोडला आणि स्टुलावर बसून रडलो. बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून नळ. मग बूच लावलं. म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न, उद्या तुला सांगू. उद्या जीभ रेटली नाही."

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. संतापच आला, त्याचा आणि त्याहून जास्त माझा. गेली दोन वर्षं हा मला म्हणत होता, "तू आवळ, तेवढंच शिकशील." मी एक्कावन्न वर्षांचा! आणि मी ते हसण्यावारी नेत होतो. पिशवी मी उचलायची, शिडी मी धरायची, पाना मी चालवायचा. म्हातारा आता साहेब झालाय, असं मी चारचौघांत म्हटलंय. रोज शेजारी बसून जेवतो मी त्याच्या, आणि मला दिसलं नाही.

"उद्यापासून कामावर यायचं नाही," मी म्हणालो.

"बरं."

हे 'बरं' मला सहन झालं नाही. उभ्या जन्मात त्याने माझ्या कुठल्या शब्दाला 'बरं' म्हटलं नव्हतं. भांडला असता तर चाललं असतं. मी नवीन व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट पिशवीत कोंबले आणि स्कूटर काढली. मागे वळलो तर दादा मागच्या सीटवर बसायला पाय उचलत होता.

"उद्यापासून म्हणालास ना," तो म्हणाला.

थेट बाईंच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं. मी काहीतरी थाप ठरवून आलो होतो, माल खराब निघाला वगैरे. तोंड उघडायच्या आत दादा पुढे झाला.

"बाई, ते बूच मी लावलं होतं. लावायला नको होतं, हे मला माहीत होतं. माझ्या हातात आता जोर राहिलेला नाही आणि ते सांगायची मला लाज वाटली. चूक माझी."

बाईंनी हातातला कागद घडी करून ठेवून दिला आणि आम्हाला वाट दिली.

मी स्टुलावर चढलो. जुना व्हॉल्व्ह खरोखरच गंजून घट्ट बसला होता. पूर्ण अंगाचा भार टाकला तेव्हा कुठे सुटला. खालून दादा एकेक वस्तू देत होता. सूत त्याने आधीच काढून ठेवलं होतं. मी खिशातून टेप काढली, मग परत ठेवली आणि सूत घेतलं. तो बघत राहिला.

मोठा पाना त्याने दोन्ही हातांनी उचलला. छातीच्या वर तो जाईना, म्हणून मी स्टुलावरून वाकून घेतला. नवीन व्हॉल्व्ह बसवला आणि दात खाऊन आवळला. त्या दिवसभराचा सगळा राग मी त्या पान्यात घातला.

"झालं," मी म्हणालो.

दादाने मान तिरकी केली होती. आवळताना पितळेचा जो आवाज येतो, तो ऐकत होता.

"अर्धा फेरा अजून," तो म्हणाला.

आता एक केसभरही फिरणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ओरडायला तोंड उघडलं.

"बरं, दादा," मी म्हणालो आणि पाना परत लावला.

तो फिरला.