पुसलेला खडक

वस्तुसंग्रहालयात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे ‘टापटीपबाई’ म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं. शंभरेक वर्षांपूर्वीचा सागरी नकाशा प्रदर्शनासाठी टेबलावर आला तेव्हा त्या हरखल्याच. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला किनारा, केसाएवढ्या रेघांनी उभे केलेले डोंगर, हाताने रंगवलेलं दिशाचक्र, आणि पाण्यात मुंग्यांच्या रांगेसारखे खोलीचे आकडे. त्यातच कुणीतरी शिसपेन्सिलीने फुल्या मारून, काहीबाही लिहून गिचमिड केलेली. नसता पोरखेळ, असं पुटपुटत बाईंनी दोन दिवस खपून ते सगळं पुसलं. पुसण्याआधी फोटो काढायचा असतो. त्याचा तेवढा त्यांनी कंटाळा केला.

आठवड्याने एक वृद्धा आली. नकाशा तिनेच दिला होता. तिचे वडील बंदरात जहाजांना वाट दाखवायचे.

“इथं फुल्या होत्या ना?” तिने वाकून विचारलं. “बाबांचं जहाज या खडकावर आपटलं. दोन खलाशी बुडाले. छापील नकाशात खडकच नव्हता. मग बाबांनी होडीतून दोरी सोडून सगळी जागा मोजली. त्या दोघांची नावंही तिथंच लिहिली होती.”

“पेन्सिल जुनी झाली की... उडते,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“माझंच चुकलं मग. आधी आणून द्यायला हवा होता. तुम्ही मात्र किती जपलंत हो!”

हे जपणं बाईंना चपराकीसारखं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा तिरपा धरून भिंगातून कागद इंच इंच तपासला. फुल्यांच्या दाबाच्या खुणा सापडल्या, नावं सापडली नाहीत. बाईंनी सगळं सांगितल्यावर संग्रहालयाचे साहेब म्हणाले, “फुल्यांची नोंद करा. पुसल्याचं कशाला? झाकली मूठ राहू द्या.”

बाईंनी ऐकलं नाही. त्या संध्याकाळी त्या वृद्धेच्या घरी गेल्या आणि दारातच बोलून मोकळ्या झाल्या. “पेन्सिल उडाली नव्हती. मी पुसली. वर खोटं बोलले.”

वृद्धेने दाराची कडी घट्ट धरली.

“नावं आठवतात का तुम्हाला?” बाईंनी विचारलं. “मी लिहून लावते.”

“नाही. कागदावर होती, म्हणून कधी पाठच केली नाहीत.” मग ती हळूच म्हणाली, “या तुम्ही आता.”

प्रदर्शनात नकाशाशेजारी पाटी लागली: इथे एका वाटाड्याने खडकाच्या खुणा आणि बुडालेल्या दोन खलाशांची नावं नोंदवली होती, दुरुस्ती करताना ती माझ्या हातून पुसली गेली. खाली बाईंचं पूर्ण नाव. साहेब महिनाभर बोलले नाहीत. वृद्धा आली, पाटी वाचली, बाईंकडे न बघता गेली. लोक नकाशाच्या कोरीवकामाचं कौतुक करत, आणि बाई त्या दालनातून जाताना मान खाली घालून झपाझप चालत.