जुना बिल्ला

थोरलीने चालतं मशीन मध्येच थांबवलं, दार उघडून राहिलेला एक मोजा आत भिरकावला आणि पुन्हा बटण दाबलं. सगळी गल्ली तिला थोरली म्हणायची. तिच्या लाँड्रीतून जोडीतला एकच मोजा आजवर कुणाच्या घरी गेला नव्हता.

थोड्या वेळाने नर्सबाई धापा टाकत दारात आल्या.

"कपडे झाले म्हणून फोनवर निरोप आला, आणि मशीन तर गरगर फिरतंय!"

"फोन शहाणा झालाय, मशीन अजून अडाणीच आहे. बसा."

"बसायला वेळ कुठाय? ही तिसरी खेप. पुढच्या वेळी दुसरीकडे देईन कपडे."

काउंटरमागे सून मान खाली घालून लॅपटॉपपुढे बसली होती. मशीन सुरू झालं की चाळीस मिनिटांनी गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जावा, म्हणून ती तीन महिने खपली होती. घरी शंभरदा बरोबर चाललेला प्रोग्राम दुकानात मात्र तिला तोंडघशी पाडत होता.

"आई, आज काढून टाकते सगळं. कपडे झाले की तुम्ही वाजवायचात ती घंटाच बरी होती."

महिनाभर थोरलीला हेच तर ऐकायचं होतं. पण सून वायर गुंडाळायला लागली, ती इतकी सावकाश, इतकी नीट, की थोरलीला बघवेना. तिने कोरडे हात पुन्हा पुसले.

"मी मशीन मध्येच थांबवते," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"कधी?"

"रोज. मोजाबिजा राहिला की. मग परत सुरू करते."

सुनेचे हात थबकले. "म्हणजे नवी चाळीस मिनिटं सुरू होतात. आणि आधीची..."

"मला काय विचारतेस? गाठोडं परत धुवायला टाकलं की मी नंबराचा जुना बिल्ला आधी काढते, मग नवा लावते. तू काढतेस का?"

"नाही हो, आई. जुना तसाच चालू राहतो. त्याची वेळ झाली की निरोप पाठवून मोकळा!"

"मग शिकलीस काय एवढं?"

वायर परत भिंतीत गेली आणि सुनेने प्रोग्रामलाही जुना बिल्ला आधी काढायला शिकवलं. दुपारी थोरलीने एकच मशीन मुद्दाम तीनदा थांबवून बघितलं. निरोप एकदाच गेला, कपडे झाल्यावर.

"आता माझा नंबर घाल त्यात. चाळीस मिनिटांनी उठव. जरा आडवी होते."

सून बघतच राहिली. दुकान उघडं असताना थोरली कधी टेकलेलीसुद्धा तिने पाहिली नव्हती.

"आधी जाग आली तर हे रद्दचं बटण दाबा, म्हणजे वाजणार नाही."

"मला शिकवू नकोस."

मागच्या खोलीत तिला पंधराव्या मिनिटालाच जाग आली. बाहेर सून कुणाला तरी ठसक्यात सांगत होती, "झाले की निरोप येईल. तोवर खुशाल फिरून या."

थोरलीने फोन उचलला. रद्दच्या बटणावर अंगठा नेला आणि मागे घेतला. मग फोन उशाशी ठेवून, डोळे मिटून, तो वाजायची वाट बघत पडून राहिली.