तक्त्याच्या खाली जागा नव्हती

मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, त्या वर्षीचा फाल्गुन. धारूरच्या डोंगरकडेला असलेल्या आमच्या गावात टँकर चौथ्या दिवशी येई. मला शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण शिकवण्याची सवय सुटत नव्हती. शाळा भरण्याआधी तासभर मी सोसायटीच्या गोदामाच्या ओट्यावर पोरं जमवून गणितं घेत असे. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असत.

त्या ओट्यावर खताची पोती मोजायचा काटा होता. रोज सकाळी त्याच काट्यावर माझी बायको सत्यभामा उभी राहायची.

दिवाळीनंतर तिच्या पायांना सूज आली होती आणि चार पावलांत धाप लागायची. हृदय अशक्त झालंय, असं डॉक्टर म्हणाले. अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी गोळी त्यांनी सुरू केली आणि दिवसाला सहा पेले पाणी ठरवून दिलं. उपकेंद्रातली नर्स केशर ही माझीच विद्यार्थिनी. तिने मला बजावलं होतं, "गुरुजी, रोज एकाच येळंला वजन करा. दोन किलो जरी चढलं, तर मला लगेच फोन."

मी गोदामाच्या दारावर चौकटींचा कागद चिकटवला. वर छप्पन्नावर लाल रेघ मारली. सुरुवात चौपन्नला झाली, म्हणून खाली सत्तेचाळीसपर्यंत आकडे पुरेसे वाटले. पोरांना मी त्यातूनच वजाबाकी शिकवू लागलो. कालच्यापेक्षा आज किती कमी? उत्तर बरोबर आलं की पोरं टाळ्या वाजवत. सत्यभामाही हसायची. "खताच्या पोत्याला भाव तरी हाय," ती सोसायटीच्या सेक्रेटरीला म्हणायची, "माझा काय भाव हाय रे मुंजाजी?"

"काकू, तुमच्यावर सबसिडी न्हाई," मुंजाजी म्हणायचा.

पंधरा दिवसांत पन्नास झालं. सूज गेली, धाप गेली. मग एकोणपन्नास. मग अठ्ठेचाळीस. वजनाची रेघ लाल रेघेपासून लांब चालली होती आणि मी खूश होतो. सकाळी आठला गोळी, मग पाण्याचे सहा पेले. मी पेला भरून तिच्या उशाशी ठेवायचो, तासाने परत यायचो, रिकामा पेला पाहून वहीत फुली मारायचो. तीन महिन्यांत एकही फुली चुकली नव्हती.

त्या दिवशी सत्यभामा काट्यावर चढताना माझा खांदा धरून चढली. तिची बोटं थंडगार लागली. काटा साडेसेहेचाळीसवर थांबला.

पोरांनी उत्तर सांगितलं, टाळ्या वाजवल्या. रेघ पुढे ओढायला पेन्सिल घेऊन आलेली पोरगी कागदापाशी थबकली.

"गुरुजी, खाली जागा न्हाई."

मी वळून पाहिलं, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. सत्यभामा काट्याशेजारी पडली होती. टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. तिचे डोळे उघडे होते, पण ती मला ओळखत नव्हती. "आई आली का?" असं ती दोनदा म्हणाली. तिच्या आईला जाऊन तीस वर्षं झाली होती.

आम्ही तिला पोत्यांच्या थप्पीआड सावलीत निजवलं. केशर तांड्यावर लस द्यायला गेली होती, फोन लागेना. मुंजाजी तिला आणायला मोटारसायकल घेऊन सुटला. शेजारच्या दगडाबाई धावत आल्या.

"गोळी दिली का आज?"

"अजून नाही. आठ वाजून गेले."

"मंग द्या की आदी! गोळी चुकली म्हणूनच झालं आसंल. हृदयाचं दुखणं हाय, गुरुजी, बसून कावून ऱ्हायलात?"

मलाही तसंच वाटलं. खिशातून गोळी काढली. सत्यभामाने, रोजची सवय म्हणून असेल, तोंड उघडलं.

तिची जीभ मी पाहिली. लाकडासारखी कोरडी, मधोमध चिरलेली. ओठांच्या कडांना पांढरं सुकलेलं.

सहा पेले पाणी पिणाऱ्या बाईची जीभ अशी कशी?

गोळी दिली नाही आणि ती मेली तर? दिली आणि मेली तर? चाळीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, की कळत नसेल तर थांबा आणि विचारा. मी मूठ मिटली. पण थांबणं इतकं भयंकर असतं हे मला ठाऊक नव्हतं. तिची नाडी बोटाखाली धाग्यासारखी धावत होती, मधूनच हरवत होती. हरवली की मी ती पुन्हा शोधायचो.

केशर आली ती थेट गुडघ्यांवर बसली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. रक्तदाब ऐंशीला पन्नास.

"आजची गोळी?"

मी मूठ उघडली. घामाने गोळी विरघळत आली होती.

"दिली न्हाई ते लई बरं केलंत," ती म्हणाली आणि फोनवर डॉक्टरांशी बोलू लागली. मग मला विचारलं, "पाणी किती पितात?"

"सहा पेले. वहीत लिहिलंय."

"पिताना तुमी बघितलं का, गुरुजी?"

मी रिकामा पेलाच पाहिला होता. दगडाबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "ती पेला परत रांजणात वतती. त्या गोळीनं दहा येळा जावं लागतं, दर येळी तांब्याभर पाणी. टँकर चौथ्या दिशी. म्हनली, न्हाई पिलं तर जायला नको. मला शपथ घातली होती."

केशरने दारावरच्या तक्त्याकडे पाहिलं. "मी चढल्याचं सांगितलं. उतरल्याचं सांगितलंच न्हाई," ती हळू म्हणाली. "अंगात पाणी उरलं न्हाई, तरी गोळी काढतच होती."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं ती चमच्याने थोडंथोडं पाणी पाजत राहिली. "भराभर न्हाई, हृदय अशक्त हाय," ती म्हणाली. रुग्णवाहिका आली तोपर्यंत मी चमचे मोजले. एकतीस. या खेपेला प्रत्येक घोट गळ्याखाली उतरताना पाहिला.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात सहा दिवस गेले. रक्तातले क्षार खाली गेले होते. तिसऱ्या दिवशी तिने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, "रांजण झाकलाय का?"

आता गोळी निम्मी आहे. गोदामाच्या दारावर नवा कागद आहे. लाल रेघ वर एक, खाली एक. पोरं टाळ्या वाजवत नाहीत. काटा थांबला की आधी खालची रेघ बघतात.

मग मी तिच्यासमोर पेला धरून बसतो.

"शाळंतल्या पोरावानी काय बघताय?" ती वैतागते. "बायामाणसाला लाज वाटती."

"पी."

ती पिते. पेला उलटा करून दाखवते. त्यानंतरच मी फुली मारतो.