दुकानातल्या मंद उजेडात मी देखणा होतो

मी एक जुना लॅपटॉप आहे. कोपऱ्यांचा रंग उडालाय, बिजागरी कुरकुरते. स्क्रीन मात्र अजून अशी की पहिल्यांदा बघणारा ‘वा’ म्हणतोच. मित्रांनो, मला त्या ‘वा’चीच लाज वाटते.

दुकानात माझ्या शेजारी दुसरा एक लॅपटॉप मांडला होता. किंमत सारखीच. माझ्या स्क्रीनवर टिपके, म्हणजे पिक्सेल, त्याच्या चौपट, म्हणून माझं चित्र रेशमासारखं. त्याचं चित्र जरा ठोकळ, पण उजेड माझ्या दुप्पट. आता दुकान कसं? खिडकी एकही नाही, भिंती काळ्या, दिवे मंद. अशा जागी जास्तीच्या उजेडाला कोण विचारतो? मी फुलपाखराचा फोटो मिरवत बसलो होतो.

एक मुलगी आईला घेऊन आली. आई मशीनवर भरतकाम करायची. कोटांच्या खिशांवर, टोप्यांवर चिन्हं भरायची. नक्षी आधी लॅपटॉपवर आखायची आणि मग मशीनला द्यायची. मुलीला नुकतीच नोकरी लागली होती आणि आईला भारीतलं काहीतरी द्यायचं होतं.

आईने मला निरखलं. म्हणाली, “जरा दाराशी नेऊन बघू या का?”

“आई, हे कापड नाही उजेडात नेऊन बघायला.”

“आणि साखळी लावलीय, ताई,” विक्रेता म्हणाला. “नेलात तर टेबलही बरोबर येईल.”

सगळे हसले. आईही हसली, आणि मी घरी आलो.

घरात आईचं मशीन गॅलरीत. तिन्ही बाजूंनी काचा, ऊन थेट आत. दोऱ्याच्या रिळांचे रंग खऱ्या उजेडातच कळतात, म्हणून तिने सगळा संसार तिथे मांडला होता. पहिल्याच सकाळी मी उघडलो आणि माझ्यात तिला नक्षी दिसलीच नाही. तिला तिचाच चेहरा दिसला. तिने उजेड वाढवायचं बटण दाबलं, दाबतच राहिली. मी तापलो, पंखा घरघरला, पण माझ्यात होतं तेवढंच होतं. नक्षीचा प्रोग्रॅम जुना, त्याची बटणं माझ्या बारीक टिपक्यांत मुंगीएवढी. तिने खटपट करून टिपके कमी केले तेव्हा कुठे अक्षरं मोठी झाली.

संध्याकाळी मुलगी आली. “आई, काय करून ठेवलंस? एवढी सुंदर स्क्रीन आणि धूसर केलीस.” तिने सगळं पुन्हा बारीक केलं.

“असू दे,” आई म्हणाली. “तुला कळतं त्यातलं.”

दुसऱ्या दिवशी आईने काचांवर जाड चादर बांधली. आता मी दिसू लागलो, पण रिळं अंधारात गेली. त्या अंधारात तिने एका कामात दोन वेगळे हिरवे दोरे लावले. कारखान्यातून काम आणून देणारा माणूस कोटांचा गठ्ठा परत घेऊन आला.

“ताई, अर्धं पान गवताचं, अर्धं शेवाळाचं. तुमच्या हातून असं?”

“डोळे गेले माझे,” आई म्हणाली. “दुसरं कोणीतरी बघा.”

मित्रांनो, डोळे तिचे ठणठणीत होते. उणा मी होतो. आणि ज्या बाईने आयुष्यभर रंगात चूक केली नाही ती माझ्यापायी स्वतःला आंधळी समजून काम सोडत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड असतं तर ते दुकानातच उघडलं असतं का? तिथे माझं कौतुक चाललं होतं.

सुट्टीच्या दिवशी मुलगी गॅलरीत बसली. कारखान्याला कळवायचं होतं की आईने काम थांबवलंय. उकडत होतं म्हणून तिने चादर ओढून काढली आणि मला उघडलं. तिने मान पुढे केली, डोळ्यांवर हात धरला, मला वाकडा केला, तिरपा केला.

“आई, इथे काहीच दिसत नाहीये.”

आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली. “तुलाही?”

मुलीने मला मिटलं. म्हणाली, “सांगितलं का नाहीस?”

“एवढ्या हौसेने आणलास. नावं कशी ठेवायची?”

त्या दुपारी मुलीने स्वतःचा साधा, लख्ख उजेडाचा लॅपटॉप गॅलरीत ठेवला आणि मला आतल्या खोलीत नेलं. मग ती आईजवळ बसून चुकलेले टाके उसवू लागली.

“हळू गं, कापड फाडशील,” आई म्हणाली. “तुझे डोळे गेलेत की काय?”

मुलगी हसली नाही. उसवत राहिली.

मित्रांनो, टिपके मोजून वस्तू घेणाऱ्यांची मला चीड येते, आणि मोजलेल्या टिपक्यांवर फुगलेल्या माझ्यासारख्यांची त्याहून जास्त. ज्याला वस्तू वापरायची आहे त्याला विचारा, तो कुठे बसतो ते बघा. घरच्यांसाठी हौसेने आणा, जरूर आणा; पण आणलेल्या वस्तूला नावं ठेवायलाही त्यांना जागा ठेवा.