डाएटदादांच्या डोळ्यांवरची पट्टी

जिमच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरंपोरी मोबाइल उंच धरून उभी, आणि मंचावर साक्षात डाएटदादा. लाखो फॉलोअर, शुभ्र दात, आणि शिक्षण विचारलं तर "जीवनाच्या शाळेत."

"देह खोटं बोलत नाही, मित्रांनो! डॉक्टर विकले गेलेत. देहाला विचारा!"

मग चमत्कार. एका पोराने उजवा हात आडवा ताणून धरला, डाव्या हातात पाव घेतला. दादांनी ताणलेला हात दोन बोटांनी दाबला, तो खाली. "पाव तुला विष!" पावाच्या जागी दादांची 'शुद्धी' पावडर दिली, तर तोच हात हलेना. टाळ्या झाल्या आणि पावडरीच्या टेबलाकडे झुंबड उडाली.

मागे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. या माणसाच्या नादी लागून तिच्या धाकट्या बहिणीने दूध, अंडी, गहू, सगळं सोडलं होतं. परवाच ती पोहण्याच्या तलावावर चक्कर येऊन पडली. ताटात उरली होती केळी आणि उकडलेला भोपळा, आणि केळं ठेवायचं की सोडायचं, याचा निकाल आज दादा देणार होते. आईने रडून पाहिलं, बाबांनी ओरडून. "दादा पुरावा दाखवतात," हे धाकटीचं ठरलेलं उत्तर.

धाकटी मंचावर चढली तशी थोरलीही चढली.

"दादा, देह हिचा बोलणार ना? मग तुम्ही कशाला बघायचं? तुमच्या डोळ्यांना पट्टी बांधू या."

लाइव्ह चालू होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. "बांध की ताई. ज्ञान डोळ्यांत नसतं," दादा हसले. कुठे असतं ते त्यांनी सांगितलं नाही.

पट्टी बांधून झाल्यावर थोरलीने मंचावरची एक वस्तू धाकटीच्या डाव्या हातात दिली. दादांनी उजवा हात दाबला, तो पडला. "विष! केळं बंद!" "आता हे?" थोरलीने विचारलं. दुसऱ्यांदा हात हलला नाही. "हे अमृत." तिसऱ्यांदा पुन्हा खाली. "हे तर जहाल!"

पट्टी सुटली. धाकटीच्या हातात 'शुद्धी'चा डबा होता. तिन्ही वेळा तोच.

"नकारात्मक ऊर्जा आली मध्ये," दादा पुटपुटले.

"नाही," धाकटी म्हणाली. "पाडायचा होता तेव्हा तुम्ही मनगटाशी दाबलात. दुसऱ्यांदा कोपराजवळ."

तिने समोरच्या पोराचा हात तसाच दाबून दाखवला. मनगटाशी दाबला की पडला, कोपराजवळ दाबला की राहिला. दार कडीपाशी ढकललं की सहज हलतं, बिजागरीपाशी ढकललं की हलत नाही, चमत्कार एवढाच. तेवढ्यात लाइव्ह बंद पडलं. नेट गेलं म्हणे.

बाहेरच्या पायरीवर बसून धाकटी रडली. "ताई, इतके महिने मी उगाच उपाशी राहिले गं."

"आता खा. खरंच काही सोसत नसेल तर ते डॉक्टर तपासून सांगतील."

"दूधपण चालेल?"

"चालेल की."

मोबाइलमधला कोणी तुमच्या ताटातला घास काढायला सांगेल, तेव्हा आधी विचारा: हे याला डोळे बांधूनही कळलं असतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत जेवण थांबवू नका.