चौथे शील

सकाळचा उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येत होता, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. आधी त्याने सिंकमधल्या पातेल्याची कड उजळली. मग निथळत ठेवलेल्या कपांच्या रांगेवरून तो सरकत गेला, टेबलावरच्या संत्र्यांपाशी जरासा थबकला आणि अखेर इस्त्रीच्या फळीवर, पांढऱ्या कोटाच्या पसरलेल्या बाहीवर येऊन टेकला. भानुदास मेश्राम त्याच्याकडे पाहत उभे होते. या उजेडाला कडा नव्हत्या. संत्री एकमेकांत विरघळल्यासारखी दिसत होती. खिडकीबाहेरच्या मेपलला पालवी फुटली होती, पण तिच्यात पाने नव्हती, नुसती हिरवी वाफ होती. इंग्लंडमधल्या लेस्टरचा उजेड करडा असे, पण स्वच्छ असे. इथला दुधाळ होता. अमेरिकेतल्या या शॉमबर्गचा उजेडच असा, असे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकले होते.

"बाबा, बाही जळेल," मागून भावना म्हणाली.

त्यांनी इस्त्री उचलली. "जळत नाही. लेस्टरचं कापड आहे."

"आज अंपायरिंग स्किप करा ना. मोहनकाका दुसऱ्या कुणालातरी उभं करतील. डॉक्टर काय म्हणाले, आठवतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची डेट घ्यायची म्हटलं की तुम्ही विषय बदलता."

"मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. माझे डोळे उत्तम आहेत, इथला उजेड खराब आहे. बॅड लाइट. अंपायरला कळतं ते."

भावनाने कपाळावर हात मारला आणि ती हसत निघून गेली. भानुदासांनी कोटाची कॉलर दाबून सरळ केली. बायको, सरला, गेल्यावर लेकीकडे येताना त्यांनी सामानात आणलेली ही एवढीच मौल्यवान वस्तू होती. कोट अंगात असला की लोक त्यांच्याकडे वळून निर्णय विचारत. तो एकदा कपाटात गेला की आपण फक्त कुणाचे तरी आजोबा उरू, ही भीती त्यांनी भावनालाही कधी सांगितली नव्हती.

पार्कच्या शेडमध्ये बुद्धपौर्णिमेची वंदना सुरू झाली तेव्हा गवतावर अजून दव होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे चटयांवर दाटीवाटीने बसली होती. मूर्तीपुढे ट्युलिपची फुले, शेजारी मेणबत्त्या आणि त्यांच्या पलीकडे रत्नाकाकूंचे खिरीचे भले मोठे पातेले. भानुदासांनी पंचशील सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि," खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे चौथे शील, असे ते म्हणाले आणि सगळ्या शेडने ते शब्द त्यांच्यामागून उच्चारले. सर्वांत मागे क्रिकेटचे पॅड बांधूनच बसलेल्या त्यांच्या नातीनेही, मीरानेही, ते उच्चारले.

वंदनेनंतर मॅच. ही प्रथा भानुदासांनीच इथे आणली होती. लेस्टरला ते बस चालवत आणि रविवारी डेपोच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभे राहत. त्या देशात प्रत्येक सणाला खेळाचे एक शेपूट असे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी फुटबॉल. सुगीच्या सणाला चर्चमध्ये भोपळ्यांची आणि सफरचंदांची आरास, आणि दुपारी मागच्या हिरवळीवर चर्च विरुद्ध बस डेपो. अशाच एका दुपारी खुद्द पाद्री बॅटिंग करत होते. यष्टिरक्षकाने झेल घेतला, भानुदासांनी नॉट आऊट दिले. पाद्र्यांनी शांतपणे ग्लव्हज काढले आणि ते तंबूकडे चालू लागले. "बॅटला लागला होता," जाताना ते एवढेच म्हणाले. घरी आल्यावर भानुदास पायातले बूटही न काढता सरलाला म्हणाले होते, "अगं, त्यांच्याकडेही आपलं चौथं शील आहे. फक्त ते पॅड बांधून पाळतात."

ही गोष्ट मीराने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की पाद्र्यांचा आवाज काढून ती गोष्ट पूर्ण करून दाखवत असे.

"जय भीम, मेश्राम साहेब!" शेजारच्या नेपरव्हिल गावच्या संघाचा कॅप्टन मोहन ग्लव्हज चढवत आला. तो स्वतः यष्टिरक्षक होता आणि त्याचे पोट यष्ट्यांच्याही मागे झाकले जात नव्हते. "यंदा तरी नातीला एलबीडब्ल्यू द्याल ना?"

"तिच्या पायाला लागलं तर देईन. तुझ्या पोटाला लागलं तरी देईन."

"पाहा बे, अंपायरच स्लेजिंग करून राहिला!" मोहन ओरडला आणि मैदानभर हशा पिकला.

भानुदास एका खिशातले खडे दुसऱ्या खिशात टाकत चेंडू मोजत होते. बोटांना काम पाठ होते. धाव झाली की फलंदाजांच्या पावलांवरून कळे, चौकार गेला की लोकांच्या ओरडण्यावरून. चेंडू म्हणजे पांढरी टेप गुंडाळलेला टेनिसचा बॉल. तो त्यांना कधी दिसे, कधी दिसल्यासारखा वाटे. बाहेर लेझीम खेळणाऱ्या बायका प्रत्येक विकेटला ठेका धरत होत्या, कुणाची विकेट आहे याचा विचार न करता.

शेवटचे षटक आले तेव्हा शॉमबर्गला जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि शेवटची जोडी मैदानात होती. स्ट्राइकवर मीरा.

"कम ऑन मीरा, यू गॉट धिस!" शेडमधून पोरे ओरडली.

"बाई, आरामात खेळ, खीर कुठं पळून चालली नाही," मोहन यष्ट्यांमागून म्हणाला.

"काका, प्लीज, आय ॲम ट्राइंग टू फोकस."

गोलंदाज भानुदासांच्या बाजूने धावत गेला. त्यांनी त्याचा हात फिरताना पाहिला. मीराची बॅट खाली आलेली पाहिली. मग मोहनचे दोन्ही ग्लव्हज आकाशात गेलेले पाहिले. या तिन्हींच्या मधे काही नव्हते, नुसते दूध होते. हायवेच्या घरघरीत चेंडूचा आवाजही बुडून गेला.

"हाऊज दॅट!" अख्खे नेपरव्हिल त्यांच्याकडे वळले.

हाच तो क्षण, ज्यासाठी कोट होता. शंका असेल तर फायदा फलंदाजाला. भानुदासांनी मान हलवली. "नॉट आऊट."

शॉमबर्गच्या पोरांनी आरोळी ठोकली. मोहन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. आणि मीराने बॅट काखेत घेतली, ग्लव्हज काढले, आजोबांच्या दिशेने मान किंचित लववली आणि ती शेडकडे चालू लागली.

"अगं, नॉट आऊट दिलंय! परत जा!" शेडमधून कुणीतरी ओरडले.

"बॅटला लागला होता," मीरा चक्क मराठीत म्हणाली, आणि तेही पाद्र्यांच्या आवाजात.

मोहन सगळ्यांच्या आधी धावला, पोट सावरत, आणि त्याने हरलेल्या मीराला चक्क खांद्यावर उचलले. लेझीम सुरू झाली. रत्नाकाकू खिरीचा डाव हातात घेऊनच नाचू लागल्या. कोण हरले आणि कोण जिंकले हे बाहेरून येणाऱ्या माणसाला ओळखता आले नसते.

"मेश्राम साहेब," मोहन धापा टाकत म्हणाला, "तुमची नात तुमच्याहून चांगली अंपायर आहे!"

सगळे हसले. भानुदासही हसले, आणि हसता हसता त्यांनी खिशातले खडे मुठीत घट्ट धरले.

हरलेल्यांनी जिंकलेल्यांना वाढायचे, हाही लेस्टरचाच नियम. मीराने नेपरव्हिलला खीर वाढली आणि शेवटचा वाडगा घेऊन ती मैदानात आली. भानुदास अजून यष्ट्यांपाशीच उभे होते.

"तू चिडली नाहीस ना माझ्यावर?" त्यांनी विचारले.

"नो वे, आजोबा. बट इट वॉज ह्यूज. बॅटचा केवढा मोठा एज लागला होता! सगळ्यांना दिसला..."

ती मधेच थांबली. वाडग्यातला चमचा तिने उगाच फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "सन तुमच्या डोळ्यांत होता ना? मॉमला मी तसंच सांगते."

भानुदासांनी खाली पाहिले. ऊन त्यांच्या पाठीमागे होते. त्यांची स्वतःची सावली पायांपासून निघून खेळपट्टीवर लांबवर पसरली होती, कोटाच्या रुंद खांद्यांसकट.

"आत्ताच चौथं शील पाळलंस," ते म्हणाले. "माझ्यासाठी लगेच मोडू नकोस."

त्यांनी कोटाची बटणे सावकाश काढली, बाह्या जुळवून त्याची घडी केली आणि ती तिच्या हातावर ठेवली. खिरीचा वाडगा आपल्याकडे घेतला. वेलदोड्याचा वास आला. शेडमध्ये लेझीम अजून थांबली नव्हती.

"आईला म्हणावं, तारीख घे."

उजेड चांगला होता. त्यांना चेंडू दिसला नव्हता.